सातबाऱ्यावर नसलेली पोकळी

२६ ऑगस्ट २०२२. पोळ्याचे दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावात अमराई नावाचा वॉर्ड आहे. तिथल्या एका घरातल्या माणसांना जमिनीखालून आवाज ऐकू आला, पायाखाली काहीतरी हलल्यासारखे वाटले, म्हणून सगळे बाहेर धावले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते घर उभेच्या उभे जमिनीत गेले. साठ-सत्तर फूट खाली गेले असे त्या वेळी वर्तमानपत्रांनी छापले होते. सुदैवाने माणूस कोणी दगावला नाही. आसपासची घरे रिकामी करण्यात आली, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, मदतीच्या घोषणा झाल्या आणि आठवडाभरात गणपती आले.

त्या वस्तीखाली इंग्रजांच्या काळात सुरू झालेली आणि केव्हाच बंद पडलेली भुयारी कोळशाची खाण आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक होते. कोळसा कंपनीच्या दप्तरात त्याचे नकाशे होते. सरकारालाही माहीत होते म्हणायला हरकत नाही, कारण १९७३ साली बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यापासून खाण सरकारचीच. माहिती सर्वांना होती. ती फक्त त्या घराच्या कागदांत कुठे नव्हती.

ही बातमी वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. मी काही खाणतज्ज्ञ नव्हे. आयुष्याची पस्तीसेक वर्षे मी एका बँकेत काढली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. परंतु १९९० ते १९९३ अशी तीन वर्षे मी त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कोळशाच्या गावात शाखाधिकारी होतो, आणि तिथे मी घरांसाठी कर्जे मंजूर केली आहेत. त्यातल्या एका कर्जाविषयी पुढे सांगणारच आहे. त्याआधी जमिनीखाली नेमके काय करून ठेवले आहे ते समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय या प्रश्नाची चर्चा नुसती हळहळ होऊन बसते.

आपल्याकडे भुयारी कोळसा काढायची जी जुनी रीत, तिला ‘बोर्ड अँड पिलर’ म्हणतात. कोळशाच्या थरात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या खणत जायचे. गल्ल्यांच्या मधे कोळशाचेच चौकोनी खांब उरतात आणि वरचे छत त्या खांबांवर उभे राहते. बुद्धिबळाच्या पटासारखे एखादे नगर जमिनीखाली वसवावे, तसे ते दिसते. मात्र या पहिल्या फेरीत थरातला साधारण तिसरा-चौथा हिस्साच कोळसा हाती लागतो. बाकीचा खांबांत अडकलेला असतो. म्हणून दुसऱ्या फेरीत खाणीच्या टोकापासून मागे मागे येत खांबच काढायचे. यालाच ‘डीपिलरिंग’ म्हणतात. खांब काढला की मागची जागा कोसळते. त्या कोसळलेल्या मुलखाला खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात. वरची जमीन खचते, तिला भेगा पडतात, पण ती लवकर खचते आणि अपेक्षेप्रमाणे खचते. काही वर्षांत हालचाल थांबते.

खरा धोका राहतो तो खांब काढायचे राहून गेलेल्या, म्हणजे अर्धवट सोडून दिलेल्या खाणींत. खांब उभे असतात. पण त्यांना पाणी लागते, हवा लागते, कडा झडतात. गल्लीच्या छताचा एक थर पडतो, मग त्यावरचा, मग त्यावरचा. पोकळी धुराड्यासारखी वर वर सरकत येते. खाण खोल असेल तर पडलेला दगडच फुगून पोकळी भरून काढतो आणि हा प्रवास मधेच थांबतो. खाण उथळ असेल तर पोकळी जमिनीला येऊन भिडते, बहुधा एखाद्या पावसाळ्यात, खाण बंद झाल्यावर चाळीस-पन्नास वर्षांनी. घुग्घुससारखा अचानक खड्डा पडतो तो बहुधा असा.

चंद्रपूर जिल्ह्यात हा खेळ जुना आहे. वरोऱ्याला सरकारने १८७० च्या दशकात खाण सुरू केली. रेल्वेही त्या कोळशासाठीच तिथवर आणली. ती खाण १९०६ साली बंद झाली आणि काम बल्लारपूरला सरकले. पुढे वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना खाणी होत गेल्या. इथला थर जाड. पंधरा मीटर आणि त्याहूनही जाड. जुन्या पद्धतीने एका वेळी तीनेक मीटरच उंची काढता यायची, म्हणून थराच्या एका भागात गल्ल्या काढायच्या आणि बाकीचा कोळसा वर किंवा खाली तसाच सोडायचा. जाड थराचा अर्थ आमच्या त्या गावात असा होता की गावाखाली अजून बराच कोळसा आहे, आणि बरीच पोकळीही.

मी एकदाच खाणीत उतरलो. दिवा लावलेले हेल्मेट, कमरेला बॅटरी, हातात काठी. माझ्यासोबत एक मायनिंग सरदार होता. ‘सरदार’ हे तिथल्या हुद्द्याचे नाव, त्याची रीतसर परीक्षा असते. पाळी सुरू होण्यापूर्वी तो काठीने छत वाजवून पाहायचा. खणखणीत आवाज आला तर दगड पक्का, भद्द आवाज आला तर वर फट पडलेली. आमचा जुना रोखपाल रुपया टेबलावर आपटून खरा-खोटा ओळखायचा, त्याची मला आठवण झाली. आता छताला पोलादी बोल्ट ठोकतात, त्याची हालचाल मोजणारी उपकरणे बसवतात. तरी काठी गेलेली नाही असे जाणकार सांगतात.

या पोकळीवर उपाय नव्हता असे नाही. उपाय शंभर वर्षांपूर्वीही होता आणि तो समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही: जेवढे काढले तेवढे भरा. ‘सँड स्टोइंग’ म्हणजे नदीची वाळू पाण्यात कालवून नळांतून खाली सोडायची, पोकळीच्या तोंडाशी आडोसा बांधायचा, पाणी झिरपून बाहेर काढायचे, वाळू तिथेच बसवायची. १९३६ साली बंगालमधल्या पोईडीह खाणीत स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर बरोज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाठोपाठ १९३९ साली वाळूभरणीचा कायदाच झाला. कोळशाच्या प्रत्येक टनामागे कर घ्यायचा आणि त्यातून भरणीला मदत द्यायची, अशी ती योजना होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ आणि १९७४ च्या कायद्यांनी ती पुढे चालवली. २०१७ साली जीएसटी आला आणि हा स्वतंत्र कर इतिहासजमा झाला.

मग भरणी सर्वत्र का झाली नाही? इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. एक टन कोळसा काढला की राहणारी पोकळी भरायला एक टनाहून थोडी अधिकच वाळू लागते. म्हणजे जेवढी वाहतूक वर, जवळजवळ तेवढीच खाली. वाळू नदीतून आणायची, पाणी पुन्हा उपसायचे, नळ झिजतात ते बदलायचे. हा सगळा खर्च आजच्या टनावर पडतो, आणि त्याचा फायदा मिळतो तो तीस-चाळीस वर्षांनंतर वर राहणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला. त्या माणसाचे खाते कंपनीच्या वहीत नाही. खासगी मालकांच्या काळात तर खांब चोरून पातळ करण्याचे प्रकारही झाले. नकाशावर दाखवायचा एक खांब आणि ठेवायचा दुसराच.

राष्ट्रीयीकरणानंतर देशाला कोळसा हवा होता आणि तो झपाट्याने हवा होता. तेव्हा अवघा सात-साडेसात कोटी टन कोळसा निघत असे आणि त्यातला बहुतेक भुयारी असे. २०२४-२५ या वर्षात देशाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. त्यातला भुयारी हिस्सा शेकडा तीन-चार एवढाच आहे. बाकी सगळा उघड्या खाणीतला. ड्रॅगलाइन, राक्षसी शॉव्हेल आणि डंपर यांनी भुयारी खाण मागे टाकली. खुल्या खाणीचे दुःख वेगळे आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय. पण तिचा खड्डा निदान सर्वांना दिसतो.

आता त्या कर्जाविषयी.

१९९१ सालचा मार्च महिना. ज्यांनी बँकेत काम केले आहे त्यांना मार्च म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. खाणीतून निवृत्त होऊ घातलेला एक हॉलेज कामगार घराच्या कर्जासाठी आला. क्वार्टर सोडायचे दिवस जवळ आले होते. त्याने गावाच्या टोकाला, पूर्वी शेत असलेल्या जागेत प्लॉट घेतला होता. कागद चोख होते. बिगरशेती आदेश, सातबारा, फेरफार, खरेदीखत. वकिलाचा तीस वर्षांचा शोध-अहवाल आला: मालकी निर्वेध, विक्रेयोग्य. मूल्यांककाचा दाखलाही आला. त्या संध्याकाळी चहाला खाणीतला एक सर्व्हेअर बसला होता, आमचा खातेदार. त्याने प्लॉटचा नंबर ऐकला आणि म्हणाला, “साहेब, तुमचा वकील वरून पाहते, आम्ही खालून पाहतो. त्या शेताखालून आमची जुनी सेक्शन गेली आहे. खांब काढले नाहीत तिथचे.” मी विचारले, धोका आहे का? तो म्हणाला, “तसं तर आर्ध्या गावाखालून गेली आहे.”

मी फॉर्म पुन्हा पाहिला. त्यात जमिनीखाली काय आहे असा रकाना नव्हता. सर्व्हेअरचे बोलणे लिहून ठेवायचे तर कुठे आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न होता. शिवाय उद्दिष्टाला चार-दोन प्रकरणे कमी पडत होती, हेही खरे आहे. मी मंजुरीवर सही केली. पंच्याहत्तर हजार रुपये.

१९९९ साली त्या शाखेच्या तपासणीला गेलो तेव्हा मुद्दाम ते घर पाहून आलो. दोन पावसाळ्यांपूर्वी मागची भिंत कोपऱ्यात दोन बोटे उघडली होती. स्वयंपाकघराचे दार लागत नव्हते, म्हणून त्याने ते काढूनच टाकले होते आणि पडदा लावला होता. तक्रार करायला तो कुठे कुठे गेला होता. खाणीच्या कार्यालयात सांगण्यात आले की ही जुनी खाण, नवे काम तिथे चालू नाही. ग्रामपंचायत म्हणाली, बांधकाम तुमचे. माझ्या बँकेत तो कधी तक्रार घेऊन आला नाही. हप्ते मात्र नियमित होते. लेजरमध्ये ते खाते ‘उत्तम’ वर्गात होते.

माझा वकील चुकला होता का? नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे ४८ वे कलम जमिनीखालच्या खनिजावर शासनाचा हक्क सांगते. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने सरकार जमीन न घेता नुसते खाली खणण्याचे हक्क घेऊ शकते. म्हणजे वरची जमीन शेतकऱ्याची, खालची खाण कंपनीची. दोघांचे दप्तर वेगळे. खाणीच्या नियमांत वरच्या इमारतीची काळजी आहे: इमारतीपासून ४५ मीटरच्या आत खणायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. पण आधी खाण आणि मग इमारत असा क्रम झाला तर? त्या नियमाला याच्याशी कर्तव्य नाही. आणि गावांची वाढ नेमकी याच क्रमाने झाली, कारण खाणीमुळेच तर गाव वाढले.

जमिनीखालच्या पोकळीचा ठावठिकाणा नीट ठाऊक नसणे खाणीतल्या माणसांनाही महाग पडले आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून खाली आले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत सुरुंगाने शेजारच्या पाणी भरलेल्या जुन्या कामाची भिंत फुटली. तिथे जसवंतसिंग गिल यांनी बोअरमधून पोलादी कॅप्सूल सोडून स्वतः खाली जाऊन ६५ माणसे वर काढली. सहा आधीच गेली होती. मेघालयात डिसेंबर २०१८ मध्ये अवैध ‘रॅट-होल’ खाणीत पंधरा मजूर अडकले तेही पाणी घुसूनच. जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जाताना परवानगी घ्या आणि पुढे बोअर मारून चाचपत जा, असा नियम आहे. पण जुने काम नेमके कुठे संपते हे ठाऊक असेल तर साठ मीटर मोजणार.

इंग्लंडचे उदाहरण मी कमीपणा दाखवायला देत नाही. त्यांच्या खाणींनी माणसे काही कमी खाल्लेली नाहीत. पण तिथे १८७२ च्या कायद्याने सोडून दिलेल्या खाणींचे नकाशे सरकारजमा करणे बंधनकारक झाले. १९९४ च्या कायद्याने ‘कोल अथॉरिटी’ स्थापन झाली. २०२४ मध्ये तिचे नाव बदलले, काम तेच आहे. आज तिथल्या कोळसा पट्ट्यात घर घ्यायचे तर घेणाऱ्याचा वकील मालकीच्या शोधाबरोबर कोळशाचाही शोध मागवतो. खाली खाण आहे का, किती खोल, जवळ जुनी विहीर आहे का, पूर्वी कोणी नुकसानभरपाई मागितली होती का, हे सगळे एका अहवालात येते. कर्ज देणारी संस्था तो पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाही. खाणीमुळे घराला तडा गेला तर दाद मागायला १९९१ चा स्वतंत्र कायदा आहे. मी सही करीत होतो ते सालही १९९१.

हे आपल्याकडे का होऊ नये? तंत्र नाही म्हणून, असे कोणी म्हणू नये. जमिनीत वीजप्रवाह सोडून पोकळी हुडकता येते. उपग्रहाच्या रडारने जमीन वर्षाला काही मिलिमीटर खचली तरी कळते. झरियात, जिथे १९१६ पासून कोळसा जमिनीखाली जळतो आहे, तिथे अशी मोजणी झालेली आहे. त्या झरियाच्या पुनर्वसनाचा सुधारित आराखडा केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजूर केला, ५,९४० कोटींचा. उशिराची किंमत अशी असते. आणि भरणीचे तंत्रही पुढे गेले आहे. छत्तीसगडमधल्या कोरबा जिल्ह्यातल्या सिंघाली या भुयारी खाणीवर वस्ती आहे, रस्ता आहे, विजेच्या तारा आहेत, म्हणून खांब काढता येत नव्हते. तिथे राखेची, दगडाच्या भुग्याची आणि सिमेंटची दाट लापशी करून पोकळी भरायचा करार २०२५ मध्ये झाला. रक्कम ७,०४० कोटी रुपये. पोकळी भरण्यावर एवढा पैसा लागू शकतो, कारण ती भरल्यावर खांबांतला कोळसा मिळणार आहे. ज्या खाणीत काढण्यासारखे काही उरलेले नाही, तिथे लापशी कोण घालणार?

कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या खर्चाची तरतूद सक्तीची केली. मालकाने दरवर्षी बँकेतल्या एस्क्रो खात्यात पैसे भरायचे. दर ठरला तो उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख आणि भुयारी खाणीला हेक्टरी एक लाख. बँकवाल्याच्या नजरेला हा आकडा खुपतो. वर काही दिसत नाही म्हणून भुयारी खाण सहापट स्वस्तात मिटते, असा त्याचा अर्थ. आणि २००९ पूर्वी बंद झालेल्या खाणींसाठी मार्गदर्शक तत्त्वे यायला २०२२ साल उजाडले. २०३० पर्यंत भुयारी उत्पादन दहा कोटी टनांवर न्यायचे सरकारने ठरवले आहे. ते पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यही असेल. पण म्हणजे नव्या पोकळ्या होणार आहेत.

माझी मागणी साधी आहे. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ हा रकाना आहे. बँकेचा पाच-पन्नास हजारांचा बोजा त्यात चढतो, कुळाचे नाव चढते, विहिरीतला हिस्सा चढतो. त्याच रकान्यात ‘खाली भुयारी खाण, अमुक खोली, खांब उभे’ अशी एक ओळ चढवावी. नकाशे आहेत ते गावनकाशावर बसवावेत आणि तलाठ्याच्या कार्यालयात लावावेत.

यावरचा आक्षेपही मला ठाऊक आहे, कारण तो मीच घेतला असता. अशी ओळ चढली की त्या जमिनीची किंमत रात्रीत कोसळेल. एकही बँक तिथे कर्ज देणार नाही. अर्ध्या गावाचे आयुष्यभराचे कमावलेले कागद रद्दीच्या भावाचे होतील, आणि भरपाई देणारा कायदा नसताना नुसती नोंद करणे म्हणजे रोग्याला रोग सांगून औषध न देणे. १९९१ साली माझ्या हाती ती नोंद असती तर मी अर्ज नाकारला असता. त्याने सावकाराकडून पैसे काढून तिथेच घर बांधले असते, कारण प्लॉट आधीच घेतला होता. म्हणून नोंद आणि भरपाईची जबाबदारी यांचे पाऊल एकदमच पडायला हवे. राष्ट्रीयीकरणाने सरकारने खाणी घेतल्या त्या कोळशासकट घेतल्या, पोकळीसकटही घेतल्या, असे कुठल्या तरी कायद्यात स्पष्ट लिहावे लागेल. हे खर्चाचे आहे. किती खर्चाचे, हे मोजायला सुरुवात झाली तरी बरे.

घुग्घुसच्या घटनेनंतर त्या हिवाळ्यात मी माझ्या जुन्या शाखेच्या गावी गेलो. कर्जदार पूर्वीच वारला होता. त्याने २००३ साली शेवटचा हप्ता भरून कागद सोडवून नेले, हे शाखेतून कळले. त्या दिवशी त्याने काउंटरवरच्या कारकुनाला दोनदा विचारले होते म्हणे, “आता जागा पुरी माझीच ना?” घरात त्याचा मुलगा राहतो, पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. मागची भिंत पाडून पत्रे लावले आहेत. मी त्याच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्या जागेचा सातबारा काढून पाहिला. ‘इतर अधिकार’मध्ये माझ्या बँकेचा पंच्याहत्तर हजारांचा बोजा अजून होता, कर्ज फिटल्यावर तो कमी करून घ्यायला कोणी अर्जच केला नव्हता. दुसरी काही नोंद नव्हती. बोजा कमी करण्याचा अर्ज मी तिथेच बसून त्याला लिहून दिला.